हार नको, पगार द्या!

आपल्या जुन्नर-आंबेगाव भागात एखादी मुलगी खेळात चमकली की पुढचं सगळं ठरलेलं असतं. एसटी स्टँडसमोर फ्लेक्स लागतो. त्यावर ‘तालुक्याची शान’, ‘गावची कन्या’ अशी बिरुदं आणि मुलीच्या फोटोपेक्षा मोठे पुढाऱ्यांचे फोटो. मग सत्कार. शाल, श्रीफळ, हार आणि तीन-चार भाषणं, त्यात जिजाऊ-सावित्रीचं नाव न चुकता. मुलगी खाली मान घालून उभी. सत्कार संपतो, मंडपवाला खुर्च्या गोळा करतो आणि दुसऱ्या दिवशी मुलगी आईबरोबर कांदा काढायला जाते. दोन वर्षांत तिचं लग्न झालेलं असतं. फ्लेक्स तोवर कुणाच्या तरी गोठ्यावर पावसाचं पाणी अडवत असतो.

या सत्कारांना माझा विरोध आहे. मुलीचं कौतुक होऊ नये असं मुळीच नाही. पण सत्कार केला की देणं फिटलं, अशी एक सोयीची समजूत आपल्या समाजाने करून घेतली आहे. बाईला मान दिला की मोल द्यावं लागत नाही! घरात ‘अन्नपूर्णा’ म्हटलं की स्वयंपाकाचा हिशेब संपतो. तसंच मैदानावर ‘रणरागिणी’ म्हटलं की खेळाचा हिशेब संपतो.

आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात एका वाडीवर कबड्डी खेळणाऱ्या मुलीच्या वडिलांशी मी बोलत होते. पोरीला खेळू द्या, हा माझा आग्रह. ते शांतपणे म्हणाले, “ताई, माझी ना नाही. पण ह्यातून तिला मिळायचं काय? कांदे लावायला गेली तर रोज हातात पडतो. तुमच्या खेळाचा रोज कोण देणार?”

अशा बापाला आपण पटकन मागासलेला ठरवतो. मी ठरवत नाही. हा कष्टकरी माणसाचा प्रश्न आहे आणि तो अगदी रास्त आहे. मुलगी पहाटे उठून पळते, दंड-बैठका काढते, गुडघे फोडून घेते. हे श्रम आहेत. बघायला माणसं जमतात, कुणाच्या तरी नावाचा चषक ठेवला जातो, कुणाची तरी जाहिरात होते. म्हणजे या श्रमांतून काहीतरी निर्माण होतं. मग त्याचा मोबदला कुठे जातो? खेळणारी सोडून बाकी सगळ्यांना काही ना काही मिळतं, हे कसं?

या प्रश्नाचं उत्तर शोधायला मी मुद्दाम लांब जाणार आहे, अमेरिकेपर्यंत आणि तिथून रशियापर्यंत. आमच्याकडे म्हणतात की हे सगळं खेड्याचं दुखणं आहे, गरिबीचं दुखणं आहे. देश पुढारला की मुलींना आपोआप मिळेल. तर जो देश सगळ्यांत श्रीमंत, आणि ज्या खेळात बायकांची व्यावसायिक लीग सर्वांत जुन्यांपैकी एक, तिथे काय घडलं ते पाहू. तो खेळ बास्केटबॉल.

परदेशी जाणाऱ्या बायका

सिंथिया कूपर ही अमेरिकेची बास्केटबॉल खेळाडू. १९८८ च्या ऑलिंपिकमध्ये तिने सुवर्णपदक मिळवलं. आपल्याकडे असतं तर हत्तीवरून मिरवणूक निघाली असती. पण तिच्या देशात बायकांसाठी पगार देणारी टिकाऊ लीगच नव्हती. कॉलेज संपलं की पुरुष खेळाडू लाखोंचे करार करायचे आणि बायका एक तर खेळ सोडायच्या किंवा बॅग भरायच्या. कूपर १९८६ पासून स्पेन आणि इटलीत खेळत राहिली. दहा-अकरा वर्षं! १९९७ मध्ये अमेरिकेत डब्ल्यूएनबीए ही महिलांची लीग सुरू झाली तेव्हा ती ३४ वर्षांची होती. त्या वयात ती लीगची पहिली सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरली आणि तिच्या ह्यूस्टनच्या संघाने पहिली चारही विजेतेपदं जिंकली. लोक म्हणतात, काय जिद्द! मी म्हणते, तिच्या पायांतली ताकद जेव्हा ऐन भरात होती ती दहा वर्षं तिच्या देशाने फुकट घालवली, त्याचा जाब कुणी द्यायचा?

बरं, लीग सुरू झाली म्हणजे प्रश्न सुटला का? नाही. डायना टॉरासी ही या खेळातली अतिशय नावाजलेली खेळाडू. २०१४ मध्ये तिच्या फिनिक्सच्या संघाने विजेतेपद जिंकलं आणि २०१५ च्या हंगामात ती अमेरिकेत खेळलीच नाही. कारण रशियातल्या येकातेरिनबुर्गच्या क्लबने तिला विश्रांती घ्यायला सांगितलं आणि त्या विश्रांतीचे पैसेही दिले. तो क्लब तिला वर्षाला सुमारे १५ लाख डॉलर देत होता. अमेरिकेतल्या लीगमधला तिचा पगार होता १ लाख ७ हजार डॉलरच्या आसपास. स्वतःच्या देशात न खेळण्यासाठी जास्त पैसे मिळावेत, याहून मोठा अपमान तो कोणता?

अशा बाईचं वर्ष कसं जायचं ते बघा. उन्हाळाभर अमेरिकेत खेळायचं. तो हंगाम संपला की महिन्याभराच्या आत रशिया, तुर्कस्तान, चीन किंवा ऑस्ट्रेलिया गाठायचं. तिथला हंगाम संपतो न संपतो तोच पुन्हा परत. बारा महिने तेच गुडघे, तेच घोटे. परक्या देशात क्लब राहायला जागा देतो, कधी गाडी देतो, आणि दुखापत झाली की करारातलं कलम दाखवतो. भाषा येत नाही, सण एकटीने काढायचे, आणि पगार वेळेवर येईल याची खात्री नाही. बास्केटबॉलच्या जागतिक संघटनेला २००७ मध्ये एक स्वतंत्र लवादच नेमावा लागला. खेळाडू आणि क्लब यांच्यातले, थकलेल्या पगाराचे तंटे तिथे जातात. तंटे चार-दोनच असते तर लवाद कशाला लागला असता? ऊसतोडीच्या मुकादमाने बुडवलेली उचल आणि युरोपातल्या क्लबने बुडवलेला पगार यांत रकमेचा फरक आहे, जातकुळी एकच आहे.

आणि मग ब्रिटनी ग्राइनर. पावणेसात फूट उंचीची ही कृष्णवर्णीय खेळाडू, ऑलिंपिक सुवर्णपदक विजेती, तीही त्याच येकातेरिनबुर्गच्या क्लबकडे जायची. १७ फेब्रुवारी २०२२ रोजी मॉस्कोच्या विमानतळावर तिच्या सामानात गांजाच्या तेलाच्या नळ्या सापडल्या म्हणून तिला पकडलं. आठवड्याभरात युक्रेनवर हल्ला झाला आणि ती दोन सरकारांच्या सौद्यातली वस्तू बनली. ऑगस्टमध्ये नऊ वर्षांची शिक्षा झाली, तिला श्रम-छावणीत पाठवलं आणि ८ डिसेंबरला एका शस्त्र-दलालाच्या बदल्यात तिची सुटका झाली. तेव्हा तिच्याच देशातले कितीतरी लोक विचारत होते, ‘गेलीच कशाला तिकडे?’ हा प्रश्न आपल्या ओळखीचा आहे ना? रात्रीच्या पाळीवरून येताना एखादीवर हल्ला झाला की आपल्याकडेही हेच विचारतात. ती गेली कारण २०२२ साली मायदेशी तिचा पगार सव्वादोन लाख डॉलरच्या आसपास होता आणि रशियात तिला दहा लाखांच्या वर मिळत होते. तिच्या तोडीचा पुरुष खेळाडू त्या वेळी कोट्यवधी डॉलर कमवत होता. त्याला हिवाळ्यात परदेशी जाऊन दुसरी नोकरी करावी लागत नव्हती.

कुणी म्हणेल, लाख लाख डॉलर मिळवणाऱ्या बायकांचं दुःख आम्हाला काय सांगता? आमच्या बाईला रोजगार हमीवर काम मिळत नाही. मान्य. पण एक लक्षात घ्या. शिडीच्या सगळ्यांत वरच्या पायरीवर उभ्या असलेल्या बाईलाही पुरुषाच्या मानाने चतकोर मिळतो, म्हणजे खोट पायरीत नाही, शिडीतच आहे. खालच्या पायरीवर तुमच्या-माझ्या मुली उभ्या आहेत.

आपल्याकडची गोष्ट

आपल्या देशात बास्केटबॉल खेळणाऱ्या बाईची व्यावसायिक कारकीर्द म्हणजे बहुधा रेल्वेची नोकरी. खेळाडूंच्या कोट्यातून भरती, दिवसा कार्यालय, सकाळ-संध्याकाळ सराव. मी या नोकरीला नाक मुरडणार नाही. दरमहा पगार, भविष्यनिर्वाह निधी, बाळंतपणाची भरपगारी रजा, आणि खेळ संपल्यावरही चूल पेटती राहते. अनेक कष्टकरी घरांतल्या मुली या एका दारातून बाहेर पडल्या. पण हे दार अरुंद आहे, आणि त्याबाहेर काय आहे?

केरळची गीतू ॲना जोस सदर्न रेल्वेत होती. २००६ ते २००८ या काळात ती ऑस्ट्रेलियात रिंगवूड क्लबकडून खेळली. परदेशी क्लबकडून अशी खेळणारी ती पहिली भारतीय बाई. २०११ मध्ये डब्ल्यूएनबीएच्या शिकागो, लॉस एंजेलिस आणि सॅन अँटोनियो या तीन संघांनी तिला चाचणीसाठी बोलावलं. निवड झाली नाही. पण मला वाटतं, या गोष्टीत खरी बातमी वेगळीच आहे. इतक्या उंचीच्या खेळाडूला हंगामभर कसाला लावील अशी महिलांची एकही लीग आपल्या देशात नव्हती. २०१५ मध्ये यूबीए नावाची बास्केटबॉल लीग भारतात निघाली, ती पुरुषांची. पुण्याची शिरीन लिमये भारतीय संघाची कर्णधार झाली, पण तिच्यासारखीला आपल्या शहरात, आपल्या माणसांसमोर, पगारावर खेळता येईल अशी लीग काही उभी राहिली नाही.

कबड्डीचं तर विचारूच नका. हा आमच्या मातीतला खेळ. २०१४ मध्ये पुरुषांची प्रो कबड्डी सुरू झाली आणि २०१८ च्या लिलावात सहा पुरुषांची बोली एक कोटी किंवा त्याहून वर गेली. बायकांसाठी काय? २०१६ मध्ये तीन संघांची एक स्पर्धा पुरुषांच्या हंगामाला जोडून घेतली. पुढच्या वर्षी ती गायब! एका महिन्यात प्रेक्षक मिळाले नाहीत म्हणे. २०१२ मध्ये पाटण्याला भारतीय महिलांनी कबड्डीचा विश्वचषक जिंकला, तेव्हा संघातल्या महाराष्ट्राच्या तिघींना राज्य सरकारने प्रत्येकी एक कोटी रुपये दिले. चांगलंच केलं. पण ते बक्षीस होतं. बक्षीस देणाऱ्याच्या मर्जीवर असतं, पगार घेणाऱ्याच्या हक्काचा असतो. विश्वचषक जिंकणाऱ्या तिघींना एक कोटी आणि जिल्ह्याला खेळणाऱ्या हजारोंना प्रमाणपत्र, याला व्यवस्था म्हणत नाहीत, याला सोडत म्हणतात.

आणि नाशिकच्या शैलजा जैन यांचं काय झालं? आयुष्यभर मुलींना कबड्डी शिकवलेली ही बाई. भारतीय महिला संघाला शिकवायची इच्छा त्यांनी बोलून दाखवली होती. ती संधी आली नाही. इराणने बोलावलं, त्या गेल्या. डोक्याला रुमाल बांधला, फारसी शिकल्या, परक्या मुलींना हुतूतू शिकवला. ऑगस्ट २०१८ मध्ये जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत त्यांच्या इराणी मुलींनी अंतिम सामन्यात भारताला २७-२४ असं हरवलं. मग आपल्याकडे हळहळ झाली, ‘आपलीच बाई!’ आपलीच होती तर घरात असताना दिसली का नाही? परदेशाने किंमत केल्याशिवाय आपल्या बाईची किंमत आपल्याला कळत नाही, हे आपलं जुनं दुखणं आहे.

नारायणगावची साक्ष

कुणी म्हणेल, बाई पैसे घेऊन गावोगाव खेळ करते ही कल्पनाच आपल्या संस्कृतीत नाही. असं म्हणणाऱ्याने नारायणगावात येऊन बोलावं! तमाशाची पंढरी म्हणवतात ते हे गाव. यात्रांचा हंगाम जवळ आला की इथे फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे कारभारी येतात, कोणत्या दिवशी कोणता फड हे ठरतं, सुपारीची रक्कम ठरते, इसार दिला जातो. करार, हंगाम, दौरा, मुक्काम, रोजची बिदागी, सगळं आहे. व्यावसायिक खेळाडूच्या आयुष्यात याहून वेगळं काय असतं? म्हणजे बाईच्या घामाला बाजारभाव लावायची रीत आपल्याला चांगली ठाऊक आहे. फक्त तिथे मोल देताना मान काढून घेतला. तमाशात नाचणाऱ्या बायका कोणत्या जातींतून आल्या हे आपण सगळ्या जाणतो. त्यांना पैसे फेकायचे आणि ‘तसली’ म्हणायचं. घरंदाज म्हणवणाऱ्या घरातली मुलगी मैदानात उतरली की तिला मान द्यायचा आणि पैशाचं नाव काढायचं नाही. मोल घेईल तिला मान नाही, मान घेईल तिला मोल नाही. दोन्ही एकत्र मागणारी बाई या व्यवस्थेला नको आहे.

विठाबाई नारायणगावकरांची एक गोष्ट आपल्याकडे नेहमी सांगतात. दिवस भरलेले असताना त्या फडावर नाचत होत्या, कळा आल्या, मागे गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ ठेचली आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या. ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो आणि सांगणारा म्हणतो, काय ही कलेवरची निष्ठा! विठाबाईंच्या हिमतीपुढे मी हात जोडते. पण ही गोष्ट मला निष्ठेची वाटत नाही. ज्या धंद्यात बाई थांबली की चूल थांबते, त्या धंद्यात बाळंतपणाला रजा नव्हती, याची ही गोष्ट आहे. पुढे त्यांना राष्ट्रपतींच्या हातून गौरव मिळाला, शेवटची वर्षं हलाखीत गेली, २००२ मध्ये त्या वारल्या. आज त्यांच्या नावाने सरकार जीवनगौरव पुरस्कार देतं. पुन्हा सत्कारच!

हे फक्त तमाशात होतं असं समजू नका. डब्ल्यूएनबीएमध्ये २०२० च्या करारापर्यंत खेळाडूला बाळंतपणात अर्धाच पगार मिळत असे. २०२० मध्ये तो पूर्ण झाला, मुलाच्या सांभाळासाठी भत्ता आणि दोन खोल्यांची जागा कबूल झाली. फुटबॉलमध्ये आइसलंडची सारा ब्यर्क गुन्नार्सदोत्तिर फ्रान्सच्या लियाँ क्लबकडून खेळत होती. २०२१ मध्ये तिला दिवस गेले आणि क्लबने तिचा पगार कापला. ती जागतिक संघटनेच्या न्यायाधिकरणापुढे गेली आणि ८२ हजार युरोंहून अधिक थकबाकी मिळवली. विठाबाई आणि सारा यांच्यात सहा-सात दशकं आणि सात समुद्र आहेत. पण दोघींना एकच प्रश्न विचारला गेला होता. तुझं शरीर आम्ही भाड्याने घेतलंय, त्यात मूल कुठून आलं?

कपडे, बिबट्या आणि बैल

शरीराची मालकी कपड्यांतही दिसते. जागतिक बास्केटबॉल संघटनेने २०१७ पर्यंत डोक्यावर रुमाल बांधून खेळायला बंदी केली होती. २०१४ च्या इंचिऑन आशियाई स्पर्धेत कतारच्या मुली रुमाल काढायला नकार देऊन सामना सोडून गेल्या. बिलकिस अब्दुल कादिर या अमेरिकन मुलीला याच नियमामुळे युरोपात व्यावसायिक खेळाडू होता आलं नाही. उलट २०२१ मध्ये नॉर्वेच्या बीच हँडबॉल संघाने तोकडी चड्डी नाकारून थोडी लांब घातली म्हणून त्यांना दीड हजार युरोंचा दंड झाला. एकीला ‘उघड’ म्हणायचं, दुसरीला ‘झाक’ म्हणायचं. आमच्या गावात ‘पोरींनी फुलपँटवरच खेळावं’ असा ठराव करणारे आणि नॉर्वेच्या मुलींना दंड करणारे एकाच पंगतीला बसायला हरकत नाही. खेळणारीला विचारायचं नाही यावर दोघांचंही एकमत आहे.

आमच्या भागात आणखी एक कारण पुढे करतात, ते म्हणजे बिबट्या. ते खोटं नाही. कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, कालवे आले, ऊस आला, आणि उसात बिबट्या आला. जुन्नर वनविभागात माणसं मेली आहेत, लेकरं गेली आहेत. शाळा सुटल्यावर सरावाची जी वेळ, तीच त्याची बाहेर पडायची वेळ. आईबापांची भीती खरी आहे. पण त्याच अंधारात मुलांच्या रात्रीच्या स्पर्धा मोठमोठे दिवे लावून भरतात, ते कसं? दिवे लावता येतात, जीप ठेवता येते, चार माणसं सोबतीला देता येतात, हे गावाला माहीत आहे. मुलांसाठी बिबट्या हा सोडवायचा प्रश्न असतो, मुलींसाठी तो सरळ निकाल असतो.

आणि बैलगाडा! २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यती थांबवल्या. तेव्हापासून त्या पुन्हा सुरू होईपर्यंत आमच्याकडचे सगळ्या पक्षांचे पुढारी एका सुरात लढले. विधिमंडळात कायदा झाला, वकील लावले, डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये न्यायालयाने कायद्यावर शिक्कामोर्तब केलं. घाटात बारी सुटते तेव्हा सेकंदाचेही भाग मोजतात. बक्षिसाला मोटारसायकली असतात, ट्रॅक्टर असतात. बैलाच्या खुराकात दूध, अंडी, पेंड यांचा चोख हिशेब असतो. शेतकऱ्याचं बैलावरचं प्रेम मला कळतं, त्याची टिंगल करायची नाही. मला फक्त इतकंच विचारायचं आहे की, मैदानावर घाम गाळणाऱ्या आमच्या मुलीच्या खुराकाचा हिशेब कोणत्या वहीत आहे? तिच्यासाठी सगळे पक्ष एकत्र कधी आले? एका जत्रेत मी पाहिलं, मुलांच्या कबड्डीला रोख रक्कम आणि ढाल, मुलींच्या ‘प्रदर्शनीय’ सामन्याला स्टीलचे डबे. डबे! म्हणजे जिंकलीस तरी जा स्वयंपाकघरात.

‘बायकांचा खेळ बघतं कोण?’

हा शेवटचा आणि सगळ्यांत आवडता आक्षेप. म्हणे बाजारच नाही तर पैसा कुठून देणार? पुरुषांच्या आयपीएलचा पहिला हंगाम २००८ चा, महिलांच्या डब्ल्यूपीएलचा २०२३ चा. मध्ये पंधरा वर्षं ‘बघतं कोण’ हेच ऐकवलं. आणि दार उघडल्यावर? पाच संघ ४,६६९ कोटींच्या वर विकले गेले, प्रक्षेपणाचे पाच वर्षांचे हक्क ९५१ कोटींना गेले आणि सांगलीच्या स्मृती मानधनावर ३ कोटी ४० लाखांची बोली लागली. आपल्याकडे दार उघडण्याआधी तीही २०१६ पासून ऑस्ट्रेलियात, मग इंग्लंडमध्ये, परक्यांच्या लीगमध्ये खेळत होती. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत आपल्या मुलींनी विश्वचषक जिंकला, तेव्हा आमच्या गावातल्या पारावरही मोबाइलभोवती घोळके होते. अमेरिकेत २०२४ च्या कॉलेज बास्केटबॉलचा महिलांचा अंतिम सामना १ कोटी ८९ लाख लोकांनी पाहिला, पुरुषांचा १ कोटी ४८ लाखांनी. तरी त्या वर्षीची पहिली निवड झालेली केटलिन क्लार्क हिचा डब्ल्यूएनबीएमधला पहिल्या वर्षाचा पगार होता ७६,५३५ डॉलर! प्रेक्षक आले, पैसा आला, आणि तरीही वाटा आला नाही. म्हणजे बाजार आपोआप न्याय करत नाही. वाटा मागावा लागतो.

त्या मागतायत. डब्ल्यूएनबीएच्या खेळाडूंची संघटना १९९८ पासून आहे. बाळंतपणाचा पूर्ण पगार याच संघटनेने वाटाघाटीतून मिळवला. जुलै २०२५ मध्ये प्रदर्शनीय सामन्याआधी सगळ्या तारका ‘आमचं देणं द्या’ असं लिहिलेले सदरे घालून मैदानात आल्या. त्याच वर्षी दोन खेळाडूंच्या पुढाकाराने अनरायव्हल्ड नावाची लीग सुरू झाली. तिच्यात खेळाडूंना मालकीचा वाटा दिला, आणि हिवाळ्यात परदेशी न जाता घरी राहून कमवायची सोय केली. मला यातलं लाखांचं आकर्षण नाही, त्यांच्या एकीचं आहे.

आपल्याच चळवळीतल्या काही मैत्रिणी मला विचारतात, पैशाच्या या खेळाला आपण का पाठिंबा द्यायचा? १९९६ मध्ये बंगळूरच्या विश्वसुंदरी स्पर्धेला आपण विरोध केला तो बाईच्या देहाचा बाजार मांडला म्हणून. मग हा कोणता? प्रश्न योग्य आहे. माझ्या मते फरक साधा आहे. तिथे देह कसा दिसतो याची किंमत होती, इथे देह काय करू शकतो याची आहे. धोके इथेही आहेत आणि त्यांच्याशी भांडावं लागेल. पण ‘पैसा वाईट’ हे तत्त्वज्ञान बाईच्या पगाराची वेळ आली की नेमकं कसं आठवतं?

कायदाही आपल्या बाजूने एक पाऊल आलेला आहे. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा काढून बघा. त्यात कामाच्या ठिकाणांच्या व्याख्येत क्रीडासंस्था, स्टेडियम, क्रीडा संकुल, स्पर्धेची आणि प्रशिक्षणाची जागा यांचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे या देशाच्या कायद्याने मैदान हे कामाचं ठिकाण मानलं आहे! कामाचं ठिकाण आहे, तर तिथे चालतं ते काम आहे. आणि काम आहे, तर दाम हवा.

म्हणून दोन्ही तालुक्यांतल्या ग्रामपंचायती, यात्रा समित्या, शिक्षणसंस्था आणि क्रीडा मंडळांपुढे आपण काही साध्या मागण्या ठेवूया. जत्रेत मुलांना जितकं रोख बक्षीस तितकंच मुलींना, आणि ते मुलीच्या स्वतःच्या बँक खात्यात. प्रत्येक मोठ्या गावात संध्याकाळी दिवे असलेलं मैदान, त्याला स्वच्छतागृह, आणि सराव संपल्यावर मुलींना वाडीपर्यंत सोडणारी गाडी. सराव केंद्रावर तक्रार समिती, तिच्या सदस्यांची नावं भिंतीवर लिहिलेली. मुलींना शिकवायला बाई प्रशिक्षक, आणि तिला ‘सेवाभावी’ म्हणून नारळ न देता दरमहा मानधन. बाहेरगावी, परराज्यात, परदेशात कुठेही मुलगी खेळायला जाईल तेव्हा तिच्या हातात तिला वाचता येईल अशा भाषेतला लेखी करार. आणि लग्न, बाळंतपण यांमुळे नाव कापलं जाणार नाही याची लेखी हमी.

आमच्या मुलींनी परदेशी जरूर जावं. सिडनीला खेळावं, तेहरानला शिकवावं, जग बघावं. पण हौसेने जावं. घरात भाकरी नाही म्हणून जाणं याला कारकीर्द म्हणू नये, ते स्थलांतरच आहे, मग विमानाने का होईना.

येत्या यात्रांच्या हंगामात कुणी तुमच्या गावात मुलीच्या सत्काराची वर्गणी मागायला आलं तर जरूर द्या. पण पावती फाडण्याआधी त्याला एक विचारा: हाराला किती, मंडपाला किती, आणि पोरीला किती? त्या वाडीवरच्या बापाचा प्रश्न अजून शिल्लक आहे. रोज कोण देणार, याचं उत्तर मिळेपर्यंत तो सगळ्यांनी मिळून विचारत राहायला हवा.